चौदा पानं, चौदा सह्या

“चोरी केली का आम्ही? वाटून खाल्लं, डॉक्टर, वाटून! आमच्यात वाटून खाणाऱ्याला चांगलं माणूस म्हणतात!”

“आजी, तो प्रसाद नव्हता! औषध होतं!”

“निम्म्या लोकांना तेसुद्धा नव्हतं! तुमच्याच कागदावर लिहिलंय!”

“आणि त्याच कागदावर पुढे काय लिहिलंय?”

“ते आम्हाला कोणी सांगितलंच नाही!”

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं मात्र, मोठे डॉक्टर माझ्याकडून जे वळले ते थेट कोपऱ्यात फाइल छातीशी धरून उभ्या असलेल्या प्राजक्ताकडे. “सांगितलं नाहीस यांना? मग उद्यापासून इथे येऊच नकोस.”

थांबा, थांबा. चहा घ्या आधी. मधूनच सुरू केलं मी, पण आमच्या चाळीत भांडण पहिल्यापासून ऐकायला मिळालं होतं कधी कोणाला? लाटणं हातात घेऊन दारात यायचं आणि जिथवर आलंय तिथून उचलायचं. पण या भांडणात एका बाईची नोकरी जात होती आणि ती माझ्यामुळे. तेव्हा मागे जाऊन नीट सांगते. माझी अक्कल किती लांबपर्यंत गहाण पडली होती ते तुम्हालाही कळू दे.

मी सुमती परब. राहणार मुलुंड. वय चौऱ्याहत्तर, गुडघ्यांचं वय त्याहून जास्त. पंचवीस वर्षं पोळीभाजी केंद्र चालवलं, उभ्याने. त्या उभं राहण्याचा सूड आता गुडघे घेतात.

शाळेत गेले नाही. माझे भाऊ गेले, मी त्यांच्या भाकऱ्या थापल्या. वाचायला शिकले ते मुंबईत, लग्नानंतर, किराण्याच्या पुडीच्या कागदावर. डाळ डब्यात ओतायची आणि कागद चुलीपुढे सपाट करायचा. पण पुडीचा कागद फाडलेला असतो हो! चोर पकडला जाणार तेवढ्यात कागद संपायचा. पुढचा तुकडा कोणाच्या तरी घरी हळद बांधून गेलेला. अर्ध्या अर्ध्या बातम्या वाचून वाढलेली बाई मी. तेव्हापासून मला ‘पुढे काय झालं’ हा रोग जडलाय. त्याच्यावर अजून औषध निघालेलं नाही.

आणि अभिमान विचाराल तर भरपूर आहे. रेशनकार्डावर माझं नाव चुकीचं पडलं होतं, ते मी स्वतः वाचून खिडकीवरच पकडलं. तिथला माणूस म्हणाला, “बाई, सही करा, चालतं तेवढं.” मी म्हटलं, “मेल्या, तुझ्या बायकोला दुसऱ्या नावाने हाक मारली तर चालेल?” त्या दिवसापासून जाहीर केलं: सुमती परब न वाचता कागदावर सही करत नाही. हे लक्षात ठेवा.

आता कमळ. कमळ जाधव, मूळची साताऱ्याकडची. चाळीत चाळीस वर्षं आमच्या दोघींच्या मध्ये एकच भिंत होती. चाळ पाडून बिल्डिंग झाली तेव्हा आम्ही बिल्डरला सांगितलं, बाथरूम छोटं दे, पण दारं समोरासमोर पाहिजेत. दिली त्याने, सातव्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण तिला मूड आहे.

आमचा नियम एकच. अर्धं तुझं, अर्धं माझं. नळाला पाणी एक बादली आलं तरी अर्धी अर्धी. आणि वाटी रिकामी परत करायची नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर, पण रिकामी नाही. चाळीस वर्षांत एकदाही नाही.

तर दोघींचे गुडघे एकदमच गेले. तेसुद्धा वाटूनच घेतले म्हणा! हॉस्पिटलात दाखवायला गेलो, तिथे चौथ्या मजल्यावर भिंतीला कागद: गुडघेदुखीच्या नव्या औषधाची चाचणी, इच्छुकांनी भेटावे. मी कागद अख्खा वाचला. फाटलेला नव्हता ना!

आत प्राजक्ता. पस्तिशीची बाई, चाचणीचं लिहिणं-मोजणं सगळं तिच्याकडे. कांजूरमार्गहून यायची. मुलगी दहावीला, घर हिच्या एकटीच्या पगारावर, हे मी पहिल्या पाच मिनिटांत काढून घेतलं. मग तिने माझ्याकडून माहिती घ्यायला सुरुवात केली.

“आजी, यात काही जणांना खरं औषध मिळेल आणि काही जणांना तशीच दिसणारी गोळी, जिच्यात औषध नाही.”

“म्हणजे खोटी?”

“खोटी म्हणा.”

“कोणाला खोटी ते कोण ठरवतं?”

“कॉम्प्युटर. चिठ्ठ्या टाकल्यासारखं.”

“पण तुला माहीत असेल ना?”

“नाही.”

“मोठ्या डॉक्टरांना?”

“त्यांनाही नाही.”

“रे देवा म्हाराजा! डॉक्टरच अंधारात?”

“मुद्दाम, आजी. माहीत असलं तर ते खऱ्या गोळीवाल्याशी जरा जास्त हसून बोलतील. तेवढ्यानेसुद्धा माणसाला बरं वाटतं.”

मी खुर्ची पुढे ओढली. असलं काही कोणत्याच पुडीत वाचलं नव्हतं.

“पण खोटी द्यायचीच कशाला? लोकांना फसवायला?”

“फसवत नाही, आधी सांगतोच की. कसंय आजी, कोणी विचारपूस केली, गोळी हातावर ठेवली, की गोळीत काही नसलं तरी दुखणं थोडं कमी होतं. ते ‘थोडं’ किती, ते आधी कळायला हवं. त्याच्या वर जे उरेल ते औषधाचं.”

माझ्या तर डोक्यात लख्ख उजेड! आमच्या ह्यांचं डोकं दुखायला लागलं की मी चहाचं आधण ठेवायचे. पातेल्याचा आवाज झाला की ह्यांचं डोकं थांबायचं. चहा अजून व्हायचाय! चाळीस वर्षं मी खोट्या गोळ्या देत होते आणि मला माहीत नव्हतं.

मग तिने संमतीपत्र काढलं. चौदा पानं, प्रत्येक पानावर खाली सही.

“आजी, एकेक पान मी समजावून सांगते.”

“कशाला? मला वाचता येतं.”

“तसं नाही, पद्धत आहे, मला सांगावंच…”

“मला शिकवू नकोस गं. पुडीच्या कागदावर शिकलेय, मराठी आहे ना हे? दे इकडे.”

घेतलं, आणि बाहेर बाकावर बसून बोट ठेवून वाचायला लागले. चार पानं वाचली. पाचव्या पानावर काय झालं ते शेवटी सांगते, आत्ता विचारू नका. शेवटी चौदा सह्या केल्या, चौदाही ठसठशीत. कमळ चौथी शिकलेली, अक्षरं लावून वाचते. तिने विचारलं, “सुमे, तू वाचलंस न्हवं?”

“वाचलं.”

“मग माझं बी झालं,” म्हणून तिनेही सह्या ठोकल्या.

दोघींना एकेक बाटली मिळाली. बाटलीवर नुसते नंबर, गोळ्या जुळ्या बहिणींसारख्या. सकाळी एक, रात्री एक. महिन्याने बाटली परत आणायची, उरलेल्या मोजायच्या.

आता तुम्हीच सांगा, घरात अशी बाटली असताना माणसाला झोप लागेल?

पहिलं मी चाटून बघितलं. माझी आणि कमळची, दोन्हींना चव खडूची. मग म्हटलं, मुंग्यांना कळेल. ज्यात औषध असेल तिथे मुंगी जाणार नाही. खिडकीच्या कठड्यावर दोन गोळ्या मांडल्या आणि आम्ही दोघी खुर्च्या टाकून बसलो. तासाभराने मुंग्या आल्या. दोन्ही गोळ्यांना वळसा घातला आणि कमळच्या पदरातून पडलेली शेव उचलून गेल्या.

“मुंग्यांना गुडघं असत्यात का पण?” कमळ म्हणाली.

“मग ग्लासात टाकू. खरी आधी विरघळेल.”

“का?”

“खऱ्याला घाई असते.”

दोन ग्लास, त्याच दोन गोळ्या. कुकरच्या दुसऱ्या शिटीला दोन्ही एकदमच गेल्या. शास्त्र संपलं. महिन्याने प्राजक्ताने मोजल्या, तर दोघींची एकेक गोळी कमी.

“बेसिनमध्ये पडली,” मी म्हटलं.

“दोघींची? एकाच दिवशी?”

“शेजार आहे आमचा!”

तिने निमूट लिहून घेतलं. फार सोशिक बाई.

पण खरा घोळ पुढे. दुसऱ्या महिन्यात माझे गुडघे हलके झाले. खरंच! लिफ्ट रुसलेली असताना मी चार मजले चढले. चौथ्यावर थांबले, पण चढले. आणि कमळ? आहे तिथेच. भिंत धरून उठायची. आता शहाण्या माणसाने गप्प बसावं की नाही? मी दोन्ही जिन्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “कमळे, मला खरी लागली गं! तुला खोटी!”

ती हसली. पण संध्याकाळी मी तिला तांदळाची खीर पाठवली होती, ती वाटी परत आली.

रिकामी.

धुतलेली, पुसलेली, स्वच्छ रिकामी. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

मी ती वाटी ओट्यावर ठेवून बघत बसले. लेक म्हणाली, “आई, विसरल्या असतील काकू.” कमळ विसरत नाही. तिच्या नवऱ्याच्या तेराव्याच्या दिवशीसुद्धा तिने माझ्या वाटीत साखर घालून दिली होती.

मी उठले, समोरचं दार वाजवलं. हातात एक स्टीलचा डबा, हळदीकुंकवाचं वाण म्हणून आलेला.

“बाटली आण तुझी.”

“कशाला? खोटी तर हाय.”

“आण म्हणते ना!”

दोन्ही बाटल्या डब्यात ओतल्या. झाकण लावून खुळखुळवलं. मग जमिनीवर बसता येत नाही म्हणून पलंगावर बसून लाडू वाटतात तशा वाटल्या: तुला एक, मला एक, तुला एक, मला एक. आता खरी जिची असेल तिची असो, निम्मी तिच्या पोटात, निम्मी माझ्या.

कमळच्या डोळ्यांत पाणी. “सुमे, तुझं दुखायला लागलं तर?”

“निम्मं दुखेल. निम्मं तुझं थांबेल. हिशेब बरोबर.”

दुसऱ्या दिवशी माझी वाटी आली. तिच्यात शेंगदाण्याची चटणी, काठोकाठ.

झकास चाललं होतं! दर महिन्याला नवीन बाटल्या, डबा, खुळखुळ, तुला एक, मला एक. मोजून बाटल्यांत भरून परत न्यायचो, एक गोळी इकडची तिकडे नाही. आणि काय सांगू, कमळ भिंत सोडून उठायला लागली. मी चौथ्यावरून तिसऱ्यावर आले, पण त्याचं काय एवढं.

हे ज्ञान पोटात राहील का? हॉस्पिटलच्या बाकावर तशाच बाटल्या घेऊन बसलेल्या बायका. एक घाटकोपरची रडत होती, “माझी खोटीच असणार, माझं नशीबच तसलं.” मी तिला डब्याची युक्ती सांगितली. बाजूच्या दोघींनी कान दिले. पुढच्या खेपेला बघते तर तिघी एकाच डब्याभोवती! मला वाटलं, चला, समाजकार्य झालं.

आणि मग तो दिवस. मोठे डॉक्टर स्वतः तपासायला बसले होते. “काय आजी, कसे आहेत गुडघे?”

“निम्मे बरे. डॉक्टर, तुमच्या चाचणीत एक चूक होती. मी दुरुस्त केली.”

ते हसले. बिचारे! “कोणती हो?”

मी सांगितलं. वाटीपासून डब्यापर्यंत, एक शब्द न गाळता. आधी त्यांचं हसू गेलं, मग पेन खाली आलं. मग त्यांनी हळूच विचारलं, “आणखी कोणाला सांगितलंत?”

“बाकावर सगळ्यांना.”

ते खुर्चीत असूनही आणखी खाली बसल्यासारखे दिसले.

“आजी, वाट लावलीत हो तुम्ही! खऱ्या गोळीचा गट वेगळा, दुसरा वेगळा, दोघांची तुलना करायची होती! आता काय कोणाच्या पोटात गेलं हे देवालाही सांगता येणार नाही!”

आणि तेव्हा, खरं सांगते, मला कळलं. एका पातेल्यात मिठाची आमटी, एकात अळणी. कोणाला फरक कळतो का ते बघायचं होतं, आणि मी दोन्ही पातेली एकात ओतली होती. वर बाकावर जाऊन सांगितलं होतं, तुम्हीपण ओता! पण कळणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं. माझं तोंड आधी सुटतं, अक्कल मागून चालत येते, तिचेही गुडघे दुखतात.

तिथून सुरू झालं ते भांडण. चोरी केली का, वाटून खाल्लं, प्रसाद नव्हता, कोणी सांगितलं नाही. इथपर्यंत तुम्ही ऐकलंयच.

तर डॉक्टर प्राजक्ताला म्हणाले, “उद्यापासून इथे येऊच नकोस.” आणि माझी फाइल ओढून नववं पान उघडून माझ्यापुढे धरलं. मोठ्या अक्षरांत होतं: आपल्या गोळ्या दुसऱ्या कोणालाही देऊ नयेत, दुसऱ्याच्या घेऊ नयेत. खाली माझी सही. इतकी ठसठशीत, की दारातून वाचता आली असती.

“ही तुमची सही ना, आजी?”

“माझीच.”

“मग हे वाचलं होतंत?”

कमळ माझ्याकडे बघायला लागली. तिची सही माझ्या वाचण्याच्या भरवशावर होती.

“वाचलं असेल,” मी म्हटलं, “पण समजावून कोणी सांगितलं? वाचणं वेगळं, समजणं वेगळं!”

डॉक्टर पुन्हा प्राजक्ताकडे. “प्रत्येक पान समजावून सांगायचं हा नियम आहे ना? सांगितलंस?”

“नाही सर.”

“का?”

आता ती सांगणार, मी मनात म्हटलं. सांगणार की या बाईने मला गप्प केलं, मला शिकवू नकोस म्हणाली. सांगायलाच हवं तिने, खरं तर तेच होतं. मी तयारही होते, उत्तर जिभेवर होतं.

तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. “चूक झाली सर,” म्हणाली आणि गळ्यातलं ओळखपत्र काढायला लागली.

तुम्हाला पाचवं पान सांगायचं राहिलंय.

चार पानं मी खरोखर वाचली होती. अक्षरन् अक्षर. पाचव्या पानावर छपाई मुंगीएवढी आणि शब्द असे, की एकेक चढायला सातवा मजला बरा. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कागद खाली ठेवून प्राजक्ताला हाक मारणार, तेवढ्यात बाकावरचा एक गृहस्थ बायकोला म्हणाला, “बघ, या वयात आजी एकट्या अख्खं वाचतायत. नाहीतर तू!”

संपलं! आता हाक कशी मारणार?

मी पदराने चष्मा पुसला आणि पान उलटलं. बोट ओळीवरून फिरवत राहिले. याचंही एक टायमिंग असतं बरं का. फार लवकर उलटलं तर कळतं, फार उशिरा उलटलं तर झोपली म्हणतात. मधूनच मान हलवायची. एका ठिकाणी बोट थांबवून “हं” म्हणायचं. नवव्या पानावर मी चांगलं लांब “हं” म्हटलं होतं, मला आठवतंय. कमळला पटलं. प्राजक्ताला पटलं. त्या गृहस्थाला तर इतकं पटलं, की त्याने मला पाणी आणून दिलं. आणि चौदावं पान उलटेपर्यंत मलाही वाटायला लागलं होतं, की वाचलं मी सगळं.

आता ओळखपत्राची दोरी प्राजक्ताच्या केसांत अडकली होती आणि तिला ती निघत नव्हती. डॉक्टर कपाळ धरून बसले होते. कमळने माझा हात धरून विचारलं, फक्त मला ऐकू येईल असं, “सुमे, तू वाचलं हुतंस न्हवं?”

तिला खाली बस म्हटलं. उठले. गुडघे दोन्ही कडाडले, खरी गोळी, खोटी गोळी, सगळ्या मिळून. प्राजक्ताच्या केसांतली दोरी सोडवली, ओळखपत्र तिच्या गळ्यात परत सरळ केलं आणि म्हटलं,

“डॉक्टर, या बाईला एक शब्द बोलू नका, ती सांगत होती तेव्हा मीच तिला गप्प केलं आणि चौथ्या पानापुढे नुसती पानं उलटली, तुमच्या अख्ख्या चाचणीत कोणाला न कळलेली खोटी गोळी हवी असेल तर ती ही समोर उभी आहे, चौदा सह्यांसकट.”